थांबलेल्या रेपोंची टिपणे

१
गिटहबवर रेपो अर्काइव्ह करायची सोय २०१७च्या नोव्हेंबरात आली. त्याआधी थांबलेला प्रकल्प आणि चालू प्रकल्प दिसायला सारखेच. शेवटची कमिट कधीची ते बघायचं आणि अंदाज बांधायचा.

२
अर्काइव्हचं बटण सेटिंग्जच्या पानावर अगदी तळाशी, लाल चौकटीतल्या ‘डेंजर झोन’मध्ये असतं. डिलीटचं बटणही तिथेच. अर्काइव्ह केलेला रेपो मालकाला कधीही परत उघडता येतो.

३
काय थांबतं : पुश, नवे इश्यू, पुल रिक्वेस्ट, कॉमेंट. काय चालू राहतं : वाचणं, क्लोन, फोर्क, स्टार.

४
ॲटम एडिटर. बंद करणार असं ८ जून २०२२ला जाहीर झालं, १५ डिसेंबरला रेपो अर्काइव्ह. लोकांना सहा महिने मिळाले. त्याच कोडवरून पल्सर हा एडिटर उभा राहिला. आणि ॲटमसाठी बांधलेल्या इलेक्ट्रॉनवर आज व्हीएस कोड चालतो.

५
एनपीएमवरचं इव्हेंट-स्ट्रीम हे पॅकेज. मूळ लेखकाने वापरणं केव्हाच सोडलेलं. एक अनोळखी माणूस म्हणाला, मी सांभाळतो. लेखकाने हक्क देऊन टाकले. २०१८च्या सप्टेंबरात पॅकेजमध्ये एक नवी डिपेंडन्सी आली. तिच्यात पुढे एका बिटकॉइन वॉलेटमधून चोरी करणारा कोड लपवला गेला. उघडकीला यायला नोव्हेंबर उजाडला.

६
वेळेवर कुलूप लावणं हेही सांभाळणंच.

७
गूगल कोड २४ ऑगस्ट २०१५ला रीड-ओन्ली झालं आणि २५ जानेवारी २०१६ला बंद. रीड-ओन्ली म्हणजे कायमचं नव्हे. फ्रान्सच्या इन्रिया संस्थेने २०१६मध्ये लोकांपुढे आणलेलं सॉफ्टवेअर हेरिटेज जगभरातल्या खुल्या कोडच्या प्रती जमवतं, ते यासाठीच.

८
अर्काइव्ह केलेल्या रेपोसाठी गिटहबचा डिपेंडाबॉट त्रुटींचे इशारे देत नाही. कोड बदलायचा थांबतो. त्यातल्या त्रुटी लोकांना सापडायच्या थांबत नाहीत.

९
कुलूप लावण्याआधी उघडे इश्यू बंद करा. कुणी रात्री जागून पाठवलेली पुल रिक्वेस्ट पडून असेल तर तिला एका ओळीचं का होईना, उत्तर द्या. रीडमीच्या सुरुवातीलाच लिहा : का थांबलो, आता काय वापरावं. हे आधीच करा. बटण दाबल्यावर, रेपो पुन्हा उघडल्याशिवाय, तुम्हालाही त्यात एक अक्षर लिहिता येणार नाही.