कोण टुमला?

सातपुड्यात, धडगाव तालुक्यात तिसरीला मराठी शिकवत होतो. घरी पावरी बोलणारी मुलं, पण उताऱ्याखालच्या प्रश्नांची उत्तरं धडाधड द्यायची. मी खूश. एकदा गंमत म्हणून फळ्यावर लिहिलं : ‘गटकू झिंबीवर टुमला.’ कोण टुमला? “गटकू!” कशावर? “झिंबीवर!” सगळं बरोबर. वाक्य मात्र निव्वळ बनावट! प्रश्नातला शब्द उताऱ्यात शोधायचा, शेजारचा उचलायचा, ही युक्ती मीच शिकवली होती. अडखळत वाचते म्हणून मी ‘कच्ची’ ठरवलेली एकटी मुलगी गप्प होती. मग हळूच म्हणाली, “गुरुजी, टुमला म्हणजे काय केलं?”

दुसऱ्या दिवशी मी प्रश्न विचारलेच नाहीत. मुलांनाच विचारायला सांगितले. बराच वेळ कुणी बोललं नाही.