मिलिमीटर गुणिले चौरस मीटर

कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही, म्हणून लिहितोय. एकोणीस वर्षं गणित शिकवतोय आणि एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला बरोब्बर एक लिटर पाणी, हे मला नुकतंच कळलं! तेही भूगोलाच्या सरांकडून, ऑफ तासाला, चहा पिता पिता.

झालं असं. नववीचा तिसरा तास भूगोलाचा, चौथा माझा. सर ‘वृष्टी’ची उजळणी घेऊन पर्जन्यमापकाची आकृती फळ्यावर तशीच ठेवून गेले होते. मी डस्टरनं ती पुसली आणि ‘पृष्ठफळ व घनफळ’ लिहिलं. मागच्या बाकावरून प्रश्न आला, “सर, मिलिमीटर तर लांबीचं माप. मग पाऊस लांबीत कसा मोजतात?”

“ते भूगोलाच्या सरांना विचार.” माझं हे उत्तर आठवलं की अजून कानशिलं तापतात.

सरांनी चहाचा कप बाजूला सारून टेबलावर बोटानं चौकोन काढला. एक चौरस मीटर पत्रा, त्यावर एक मिलिमीटर पाणी. शून्य पूर्णांक शून्य शून्य एक घनमीटर. म्हणजे एक लिटर! अहो, म्हणजे पोरं तिसऱ्या तासाला मिलिमीटर शिकत होती, चौथ्या तासाला चौरस मीटर, आणि मधल्या गुणाकाराचं चिन्ह कुणाच्याच वेळापत्रकात नव्हतं. 20 बाय 6 मीटरचं छत आणि 10 मिलिमीटरची एक सर, की 1200 लिटर. जालना जिल्ह्यात, जिथे टँकरची वाट बघणं म्हणजे काय हे पोरांना पुस्तकातून शिकावं लागत नाही, तिथे आम्ही हे सांगितलं नव्हतं.

त्याच शनिवारी विज्ञानाच्या मॅडमना घेऊन आम्ही वर्गासह टेंभुर्णीबाहेरच्या एका शेततळ्यावर धडकलो. 30 बाय 30, खोली 3 मीटर. पोरांनी फटकन सांगितलं, 2700 घनमीटर. मीही मान डोलावली. तळ्याचे मालक हसले, “मास्तर, काठ उभे कापले तर पहिल्याच पावसात मातीसकट खाली येतील.” काठ तिरपे, मीटरभर खाली गेलं की मीटरभर आत. म्हणजे तळ 24 बाय 24 चाच! एका गटानं वरच्या आणि खालच्या क्षेत्रफळाची सरासरी धरली, उत्तर 2214. दुसऱ्यानं मधल्या उंचीवरचं 27 बाय 27 घेतलं, 2187. जुंपली की हो भांडणं! खरं उत्तर दोघांच्या मधे, 2196. 2700 मधले 504 घनमीटर गेले कुठे? काठ ढासळू नयेत म्हणून जागेवर ठेवलेल्या मातीत. 10 हजार लिटरचे पन्नास टँकर होतात तेवढ्याचे. माती का ढासळते, हे मग मॅडमनी ओंजळभर कोरडी माती ओतून दाखवलं. ढिगाला आपोआप उतार आला. माझा तास, पण मी खाली बसून बघत होतो.

मग परात. तळ्यातलं किती पाणी उन्हानं उडतं ते बघायला मॅडमनी शाळेच्या गच्चीवर पाण्याची परात आणि पट्टी ठेवली. एका दिवसात 8 मिलिमीटर पाणी उडालं. 900 चौरस मीटरला 7200 लिटर, असं मी घाईनं फळ्यावर लिहिलंही. मॅडम म्हणाल्या, “थांबा सर, परात तापते, तळं एवढं तापत नाही. साधारण 0.7 नं गुणा.” तरी पाच हजार लिटर, रोज, हवेत!

घरी शोधायला बसलो तर काय, 1937 साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून निघालेल्या नई तालीम या शिक्षणपद्धतीत विषय असे एकमेकांना जोडून शिकवण्याला ‘समवाय’ म्हणत. पाबळला डॉ. कलबागांनी 1983 साली विज्ञान आश्रम काढला, तिथंही हाताच्या कामातूनच विज्ञान. आणि बी.एड.ला समवायावर टीप लिहून मी मार्कही मिळवलेत!

आता आम्ही तिघांनी वार्षिक नियोजनं एका टेबलावर पसरली आहेत. पुढच्या वर्षी घनफळ उचलून जुलैत, वृष्टीच्या शेजारी. मराठीच्या मॅडमना छतावरच्या पाण्यासाठी ग्रामपंचायतीला करायचा अर्ज हवाय, तो त्यांच्या तासाला. आणि काल पीटीचे सर स्टाफरूमच्या दारात उभे, हातात मोजपट्टी गुंडाळलेली.

“आपलं मैदान किती लिटरचं हो?”