चाकोरीची खोली

गेल्या भाद्रपदात राहू बेटातून फोन आला. ‘मिस्त्री, गाडी बसलीय. चाकं मोकळी फिरत्यात, पण जागची हलंना.’ पुढचं ऐकायची गरज नव्हती. चाक चिखलात रुतलं की ते जड फिरतं, गुरगुरतं. मोकळं फिरतंय म्हणजे गाडी पोटावर बसली.

शिरूरहून न्हावऱ्यामार्गे निघालो, पारगावला भीमेचा पूल ओलांडला आणि बेटात शिरलो. मुळा-मुठा आणि भीमेच्या बेचक्यातली ही जमीन काळीशार. ऊस आणि गुऱ्हाळं यांचं राज्य. गुऱ्हाळाला ऊस वाहणाऱ्या ट्रॉल्यांनी पाणंदीत दोन्ही बाजूंनी चाकोरी पाडलेली, आणि मधोमध गवत उगवलेला वरंबा. त्या वरंब्यावर एक नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी तव्यावरच्या भाकरीसारखी बसली होती. कुणाची ते सांगत नाही. दिसायला रांगडी, छपरावर रूळ, बाजूला काळी प्लास्टिकची पट्टी. ताकद मात्र दोनच चाकांना.

मी खाली आडवा झालो आणि बॅटरीने माझ्या धंद्यात काय उलथापालथ केली आहे ते तिथे डोळ्यांना दिसलं. जुनी जीप अशी बसते तेव्हा तिचा मागच्या ॲक्सलचा गोळा वरंब्यात घुसतो. तो नांगरासारखा माती कापतो, जागा करतो, आणि थोडं पुढे-मागे केलं की गाडी सुटते. बॅटरीवाल्या गाडीचं पोट पाटासारखं सपाट असतं. ओल्या काळ्या मातीवर ते पूर्ण टेकलं की चिकटून बसतं. वर दोन टनांचा भार. चाकाला कितीही ताकद द्या, चाक जमिनीला पोचतच नाही.

हा धंदा मी शिकलो तो जुन्या नगर रोडच्या कडेला, वस्तादांच्या हाताखाली. तेव्हा मार्शल, कमांडर, एमएम 540 आणि टेम्पोच्या ट्रॅक्स यांचा काळ होता. वस्ताद भलामोठा स्क्रू ड्रायव्हर हाउसिंगला टेकवायचे, दांडा कानाला लावायचे आणि सांगायचे, पिनियनचं बेअरिंग गेलंय. चुकायचे नाहीत. चिखलात गाडी घालायची तीसुद्धा कानाने. इंजिनाचा आवाज खाली बसायला लागला की क्लच अर्धा दाबायचा, बंद पडू द्यायचं नाही, पण चाकही उडवायचं नाही. ट्रान्सफर केसचा छोटा दांडा ओढून फोर-लो घातला की जोर अडीचपट आणि वेग तेवढाच कमी. चिखलात आणि दगडात सगळी कला हळू जाण्याची आहे. जोर दाखवणारा पोरगा क्लच प्लेट जाळून यायचा आणि आमची दिवाळी व्हायची.

तर त्या दिवशी जॅक लावून एकेक चाक उचललं, खाली फळी आणि फळीवर उसाचं पाचट कोंबलं. पाचटाइतकं चांगलं सामान आमच्या भागात दुसरं नाही, फुकट आणि हाताशी. पण त्याआधी एक अनर्थ टाळला. मालकाच्या गड्याने दोर चाकामागच्या आर्मला बांधून ठेवला होता. हूक सापडला नव्हता म्हणे. तो टूलकिटमध्ये सुटा असतो, बंपरवरचं झाकण काढून आत पिळायचा. दीड-दोन लाख किलोमीटर गाड्या हाणलेल्या माणसाला हे ठाऊक नव्हतं. शोरूममध्ये त्याला सनरूफ उघडून दाखवलं होतं.

ओढायला शेजारच्या गोठ्यातून जुना बी-275 ट्रॅक्टर आणला. हळूहळू, दोर ताणून, झटका न देता दहा-बारा फूट ओढलं आणि गाडी कडक जमिनीवर आली. तिथून पुढे मी ओढू दिलं नाही. यातल्या बहुतेक गाड्यांच्या मोटरमध्ये कायमचं चुंबक असतं. ताकदीची चाकं जमिनीवर फिरवत लांबवर ओढलं तर मोटरचा जनरेटर होतो आणि नको तिथे वीज तयार होते. वर चढवून न्यायला सपाट ट्रकच हवा.

त्या ट्रॅक्टरची एक गंमत आहे. 1963 साली महिंद्रा, व्होल्टास आणि अमेरिकेची इंटरनॅशनल हार्वेस्टर यांनी मिळून इथे ट्रॅक्टरची कंपनी काढली. बी-275 त्या घराण्यातला. त्याच इंटरनॅशनल हार्वेस्टरने 1961 ते 1980 या काळात स्काउट नावाची फोर-व्हील गाडी बनवली होती. ते नाव आता फोक्सवॅगनच्या हाती आहे, आणि ऑक्टोबर 2024 मध्ये त्यांनी त्या नावाच्या दोन इलेक्ट्रिक गाड्या दाखवल्या, ट्रॅव्हलर आणि टेरा. म्हणजे ज्या घराण्याचं नाव घेऊन उद्याची रांगडी इलेक्ट्रिक गाडी अमेरिकेत विकली जाणार, त्याच घराण्याचा लाल ट्रॅक्टर राहू बेटात आजची इलेक्ट्रिक गाडी ओढून काढत होता.

चहा पिताना मालकांनी विचारलं, ‘मग मिस्त्री, घ्यायचीच झाली तर कुठली?’

तेव्हा नीट उत्तर देता आलं नाही. घरी आल्यावर मात्र डोक्यात भुंगा लागला. मुलगा रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला आहे, रात्री त्याच्या मोबाइलवर एकेक गाडी खालून बघायला लागलो. वरून बघण्यात मला रस नव्हता.

आपल्या शिरूर तालुक्याला या विषयात बोलायचा हक्क आहे. रांजणगावच्या कारखान्यात 2017 पासून जीप कंपास बनते, 2021 पासून रँग्लरची जोडणीही तिथेच सुरू झाली. महागणपतीला निघालेला भाविक ज्या रस्त्याने जातो त्याच रस्त्याने जीपचे कंटेनर जातात. त्याच जीपने नोव्हेंबर 2025 मध्ये रेकॉन ही इलेक्ट्रिक गाडी अमेरिकेत दाखवली. दारं काढून ठेवता येतात, 33 इंची टायर आणि मागच्या ॲक्सलला लॉक. हे बघून बरं वाटलं. दारांचं कौतुक मला नाही, आमच्याकडे ट्रॅक्सची दारं आपोआप निखळायची. पण लॉक ठेवला याचा अर्थ कुणीतरी जुना माणूस अजून त्या टेबलावर बसलाय.

लॉक म्हणजे काय ते सांगतो. एका ॲक्सलवरचं एक चाक हवेत आणि दुसरं जमिनीवर असेल तर डिफरन्शिअल सगळा जोर हवेतल्या चाकाला देतं, कारण ते सोपं. लॉक घातला की दोन्ही चाकं एकत्र बांधली जातात. आकुर्डीच्या फोर्सच्या गुरखाला पुढे-मागे दोन्ही लॉक असतात, म्हणून ती वेगात मागे पडली तरी ओढ्यात कुणाला हरत नाही. आता बऱ्याच गाड्यांत लॉकऐवजी कॉम्प्युटर मोकळ्या चाकाला ब्रेक लावतो आणि जोर पलीकडे ढकलतो. चालतं. पण पाच मिनिटं चिखलात घोळवलं की ब्रेक तापतात, आणि तापलेला ब्रेक मला वासाने कळतो.

टाटांची हॅरियर ईव्ही, जून 2025 ची, मी एका गिऱ्हाइकाबरोबर घोड नदीच्या पात्रातल्या खडकाळ वाटेवर चालवली आहे. पुढे एक मोटर, मागे एक. मधे शाफ्टच नाही, त्यामुळे क्रॉस झिजायचा प्रश्न मिटला. रॉक क्रॉल लावलं आणि पायही न हलवता ती बेसॉल्टच्या धोंड्यांवरून मुंगीसारखी चढत गेली. मी क्लचसाठी डावा पाय शोधत होतो. शून्य फेऱ्यांपासून पूर्ण जोर हे डिझेलला कधी जमणार नाही, हे मान्य करायलाच हवं. वस्ताद असते तर त्यांनी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून बघितला असता, आणि काहीच ऐकू आलं नसतं. माझंही तेच झालं. तीस वर्षं कानाने गाडी चालवलेल्या माणसाला पहिला अर्धा तास आंधळ्यासारखं वाटतं. मग हळूहळू बूड आणि स्टिअरिंग बोलायला लागतात.

त्या गाडीत निवडीसाठी एक मोड आहे, मड रट्स. म्हणजे आपली चिखलातली चाकोरी. वाचून हसू आलं. मोड आहे, पण वाफसा कळणारा मोड कुणी काढलेला नाही. आपली जमीन सकाळी अकराला चालू देते आणि दुपारच्या सरीनंतर चारला गिळते. ते शेतकऱ्याला टाच रोवून कळतं.

महिंद्राने 2023 च्या स्वातंत्र्यदिनी केपटाउनमध्ये थार-ई दाखवली आणि 2025 च्या स्वातंत्र्यदिनी मुंबईत व्हिजन-टी. तिच्या मांडणीवरच्या गाड्या 2027 पासून येतील असं कंपनी सांगते. दोन वर्षांत दोन नमुने. तोवर चाकणहून आली ती बीई 6, मागच्याच चाकांवर चालणारी, जमिनीपासून 207 मिलिमीटर उंच. उत्तम गाडी आहे, पुणे-सोलापूर रस्त्यावर पाटसच्या टोलपर्यंत विमानासारखी जाते. पाणंदीची नाही, आणि तसा दावाही तिने केलेला नाही.

नव्या कंपन्यांत नाव घेण्याजोगी अमेरिकेची रिव्हियन. 2021 मध्ये तिची पहिली गाडी लोकांच्या हाती आली. वरच्या मॉडेलमध्ये चारही चाकांना स्वतंत्र मोटर, म्हणजे डिफरन्शिअल नाहीच, लॉकची गरजच संपली. ही खरी नवी अक्कल. जुन्या घराण्याला ती सुचली नसती, कारण त्यांच्या डोक्यात शाफ्ट पक्का बसलाय. पण मर्सिडीजनेही 2024 मध्ये जी 580 ला चार मोटरी दिल्या, शिवाय प्रत्येक मोटरला लो-रेंजचा वेगळा गिअर. बॅटरीखाली 26 मिलिमीटर जाडीची ढाल. पाण्यात 850 मिलिमीटरपर्यंत उतरते, तिच्या इंजिनवाल्या बहिणीपेक्षा जास्त, कारण हवा ओढायचं नाक नाही. भारतात 3 कोटींना आली. वजन 3 टनांच्या वर. ती जागच्या जागी गिरकीही घेते. आमच्या पाणंदीत अशी गिरकी कुणी घेतली तर दोन्ही बाजूंचे बांध जातील आणि संध्याकाळी पंचायत बसेल.

वजनावर येऊन माझी गाडी अडते. दुसऱ्या महायुद्धातली विलीज जीप जेमतेम एक टनाची होती. अमेरिकेतली इलेक्ट्रिक हमर चार टनांच्या पुढे गेली. खडकावर वजन चालतं, वाळूत टायरची हवा कमी करून भागतं. काळ्या चोपण मातीत वजनाला औषध नाही. जुने असोत की नवे, सगळेच जोर वाढवत चालले आहेत आणि तो जोर देणाऱ्या बॅटरीचं ओझं पुन्हा त्याच चाकांवर टाकत आहेत.

स्काउटवाल्यांनी ओझ्याची नाही तरी पल्ल्याची अडचण ओळखली आहे. खाली शिडीसारखी चासी, मागे अखंड ॲक्सल, पुढे-मागे लॉक, आणि हवा असल्यास हार्वेस्टर नावाचा छोटा पेट्रोल जनरेटर. नोंदणी करणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी जनरेटरवाली मागितली. यात मला नवल वाटलं नाही. लाईटचा भरवसा नसलेल्या प्रत्येक हॉटेलवाल्याच्या मागच्या अंगणात शिरूरलाही तो असतोच.

लाईटचा हिशोब मालकांनीच मांडला. 75 युनिटची बॅटरी म्हणजे पाच एचपीची पाण्याची मोटर वीस तास. त्यांचे डोळे चमकले. आमच्या पट्ट्यात शेतीची थ्री फेज कधी दिवसा, कधी रात्री, आणि उसात बिबट्या. गाडी विहिरीवर लावून दिवसाढवळ्या भरणं उरकता आलं तर? मला सांगावं लागलं की गाडीतून बाहेर मिळणारी लाईट सिंगल फेजची, पाच एचपी तिच्यावर उचलणार नाही. घरच्या साध्या पंधरा ॲम्पियरच्या सॉकेटवर ती बॅटरी भरायलाच एक दिवस-रात्र जाईल. ज्या कंपनीला विहिरीवर थ्री फेज देणारी गाडी सुचेल, तिला राहू बेटात जाहिरात करावी लागणार नाही.

माझं मत विचाराल तर असं. पुण्याला ये-जा आणि कधीमधी खडकाळ वाट असेल तर दोन मोटरींची हॅरियर खुशाल घ्या. पाणंदीतून रोजचं जाणं असेल तर जुनी डिझेल जीप विकू नका, आणि व्हिजन-टी वजनाच्या काट्यावर चढेपर्यंत थांबा. राहू बेटातल्या मालकांना मी हेच सांगितलं. त्यांनी अजून नवी घेतलेली नाही, मात्र त्या बसलेल्या गाडीचा हूक आता ते डॅशबोर्डच्या कप्प्यात ठेवतात.

तुम्हीही शोरूमला जाण्याआधी पावसाळ्यात आपल्या पाणंदीत उतरा आणि चाकोरीत वीत घालून बघा. बीई 6 ची उंची वीतभरही भरत नाही, माझ्या 226 मिलिमीटरच्या थारची जेमतेम वीतभर. काल गॅरेजमागच्या शिवरस्त्यातली चाकोरी मोजली. सव्वा वीत भरली.