लेहचे विमान सकाळीच का?

लडाखचे बौद्ध नेते कुशोक बकुला रिम्पोचे यांचे नाव असलेला लेहचा विमानतळ सुमारे ३,२५० मीटर उंचीवर, डोंगरांच्या वेढ्यात आहे. हवा मुळातच विरळ. ऊन चढले की आणखी विरळ होते. पंखांना उचल कमी मिळते, इंजिनाची ताकद घटते. दुपारी दरीत वाराही सुटतो. म्हणून बहुतेक प्रवासी विमाने सकाळीच ये-जा करतात.

आम्ही परतताना ढग उतरले, विमान रद्द झाले. उपचारासाठी दिल्लीला निघालेल्या एक आजी मुलाच्या खांद्यावर मान टेकून बसल्या होत्या. दुसऱ्या दिवशी जागा थोड्याच होत्या; आम्ही त्यांना आधी जाऊ दिले. बर्फाने खिंडी बंद झाल्या की इथल्या रुग्णांना हीच वाट. बंधू-भगिनींनो, लेहला जाल तेव्हा परतीला दोन दिवस हाताशी ठेवा.