८७ सेकंद आणि त्यानंतरचे मंगळवार

शुक्रवारी संध्याकाळी सहाला लॅपटॉप बंद करायचा, बॅगेतून शूज काढायचे आणि बाणेरच्या टर्फवर जाऊन दीड तास जीव खाऊन पळायचं. माझं फुटबॉल म्हणाल तर एवढंच. पण आठवडाभर एक्सेल शीटकडे बघत बसणाऱ्याला विचारा, तो दीड तास म्हणजे काय चीज असते!

जानेवारी २०२३. कंपन्यांच्या आपापसातल्या टूर्नामेंटची सेमीफायनल. माझा पाय जमिनीत रुतला आणि मी वळलो. पाय तिथेच राहिला. ‘टक्’ असा आवाज आला. शेजारच्या पोराला वाटलं, माझा शिनगार्ड मोडला. मोडलं होतं ते वेगळंच. एमआरआय, एसीएल, ऑपरेशन, कुबड्या, फिजिओ... हा सगळा सिलॅबस तुमच्या ग्रुपमधल्या कुणा ना कुणाचा झाला असेलच. डॉक्टर म्हणाले, “चाला, सायकल चालवा, पोहा. पण झटक्यात वळायचे खेळ आता नकोत.” मी २९ वर्षांचा होतो.

आमचा कॅप्टन घरी भेटायला आला. आईने केलेला शिरा खाता खाता म्हणाला, “अरे, तू बाहेर उभा राहून टीम सांभाळ ना. कोच हो आमचा!” त्याचा हेतू चांगलाच होता. मला मात्र असं वाटलं की कुणीतरी मला रिटायरमेंटचा नारळ आणि शाल देतंय. तो गेल्यावर मी व्हॉट्सअॅप ग्रुप सोडला. कारण न देता. आई म्हणाली, “असं काय रे करतोस? तो बिचारा एवढ्या लांबून आला.” मी दार लावून घेतलं. वय वर्षं २९!

त्याच सप्टेंबरमध्ये ऑफिसने सहा महिन्यांसाठी इंग्लंडमध्ये सोलिहलला पाठवलं. २००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून गाड्यांच्या धंद्यातल्या पुणेकरांना सोलिहल आणि कव्हेंट्री ही नावं चाकणइतकीच पाठ झालीयत. तिथे माझ्या टीममध्ये पन्नाशीचा एक सहकारी होता. कट्टर कव्हेंट्री सिटीवाला. जिना उतरताना मी रेलिंग धरतो हे त्याने पहिल्याच आठवड्यात टिपलं. गुडघ्याची कहाणी ऐकून घेतली आणि विचारलं, “डेव्हिड बस्ट माहितीये?”

मला नाव माहीत होतं. फुटबॉल बघणाऱ्या बऱ्याच जणांना असतं, आणि एकाच कारणासाठी. ८ एप्रिल १९९६, ईस्टर मंडे, ओल्ड ट्रॅफर्ड. मँचेस्टर युनायटेड टायटलच्या मागे, कव्हेंट्री रेलिगेशन टाळायच्या धडपडीत. सामना सुरू होऊन दीड मिनिटही झालं नव्हतं. कव्हेंट्रीला कॉर्नर मिळाला, नोएल व्हेलनचा प्रयत्न पीटर श्मायकेलने अडवला आणि सुटलेल्या चेंडूवर सेंटर बॅक बस्ट धावला. समोरून डेनिस अर्विन आणि ब्रायन मॅक्लेअर. तिघांची टक्कर. बस्टच्या उजव्या पायाची नडगीची दोन्ही हाडं मोडून बाहेर आली. गवतावरचं रक्त धुऊन काढेपर्यंत खेळ थांबवावा लागला. श्मायकेलला ते बघून स्वतःला सावरणं कठीण गेलं. नेटवर फोटो आहेत, क्लिप आहे. बघू नका. मी दोनदा उघडून दोन्ही वेळा बंद केली.

माझा प्रश्न साधा होता : पुढे काय झालं? कारण ती क्लिप तिथेच संपते.

पुढे आधी आणखी वाईट झालं. हॉस्पिटलमध्ये जखमेत एमआरएसएचा संसर्ग शिरला. हा साध्या अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू. पाय कापावा लागतो की काय इथपर्यंत वेळ आली. वीसहून जास्त ऑपरेशन्स झाली. पाय वाचला, पण १९९६ संपायच्या आतच त्याने खेळणं सोडल्याचं जाहीर केलं. तोही २९ वर्षांचाच होता. हे ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला.

पण मला खरा धरून ठेवणारा भाग या ८७ सेकंदांच्या अलीकडचा आणि पलीकडचा आहे. इंग्लंडमध्ये क्लबवाले पोरांना आठव्या-नवव्या वर्षी उचलतात आणि अठराव्या वर्षी ‘तुझं काही खरं नाही’ म्हणून त्यातल्या बहुतेकांना घरी पाठवतात. बस्ट बर्मिंगहॅमचा. चोविसाव्या वर्षापर्यंत तो मूर ग्रीन नावाच्या नॉन-लीग क्लबकडून खेळत होता. नॉन-लीग म्हणजे वरच्या चार डिव्हिजनमधल्या ९२ क्लबांच्या खालची सगळी दुनिया. तिथे बहुतेकांची दिवसा नोकरी असते आणि खेळ संध्याकाळी. म्हणजे तुमच्या-माझ्यासारखंच, फक्त ते पुष्कळ चांगलं खेळतात आणि थोडे पैसेही मिळतात. तिथून १९९२ मध्ये कव्हेंट्रीने त्याला घेतलं आणि हा गडी थेट देशातल्या सर्वात वरच्या पायरीवर! पुढच्या चार वर्षांत पन्नासच्या आसपास लीग सामने आणि चार गोल. म्हटलं तर काहीच नाही. पण त्याच्या मूर ग्रीनच्या ड्रेसिंग रूममधल्या पोरांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते?

त्याच्यासाठी मे १९९७ मध्ये कव्हेंट्रीच्या हायफिल्ड रोडवर टेस्टिमोनियल झाली. टेस्टिमोनियल म्हणजे ज्याची कमाई खेळाडूला मिळते असा सामना. समोर मँचेस्टर युनायटेड, पूर्ण फौजफाट्यासह. माझा सहकारी त्या दिवशी स्टँडमध्ये होता. दोन दिवसांनी एरिक कँटोनाने निवृत्ती जाहीर केली आणि कळलं, युनायटेडच्या शर्टात तो शेवटचा खेळला तो बस्टच्या सामन्यात. तिकीट अजून जपून ठेवलंय म्हणाला. हायफिल्ड रोड मात्र राहिलं नाही. क्लबने २००५ मध्ये ते सोडलं आणि आज तिथे घरं आहेत.

आणि बस्ट? तो कव्हेंट्री सिटीच्याच कम्युनिटी कामात शिरला. शाळांत, वस्त्यांत पोरांना फुटबॉल शिकवायचं, खेळाच्या निमित्ताने त्यांना धरून ठेवायचं. हे काम त्याने वर्षानुवर्षं केलं आणि पुढे त्या सगळ्या विभागाची धुरा सांभाळली. शिवाय नॉन-लीगमध्ये मॅनेजर झाला : आधी सोलिहल बरो, मग इव्हशॅम युनायटेड. इव्हशॅम हे शतावरीच्या कोंबांसाठी आणि फळबागांसाठी प्रसिद्ध असलेलं छोटं गाव.

‘मॅनेजर’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर फर्ग्युसन आणू नका. या पातळीवर सराव आठवड्यातून दोन संध्याकाळी, साधारण मंगळवार-गुरुवार. स्ट्रायकर प्लंबर असतो, गोली शाळेत शिकवतो. कुणाची शिफ्ट बदलते, कुणाची बायको बाळंत होते आणि अकरा जण जमवता जमवता नाकी नऊ येतात. प्रेक्षक कधी दोनशे, कधी त्याहून कमी. सामना झाल्यावर क्लबच्या बारमध्ये उभं राहून त्यातल्या निम्म्यांची बोलणी ऐकायची.

माझ्या मनात पहिल्यांदा तेच आलं जे तुमच्या येईल. अरेरे! कुठे ओल्ड ट्रॅफर्ड आणि कुठे हे! पण मग वाटलं, ‘अरेरे’ कशाचं? हा माणूस आला होता तिथूनच. एखादी लेव्हल खाली गेल्याचं वाईट आपल्याला वाटतं, कारण आपण करिअरला लिफ्ट समजतो. त्या टक्करीबद्दल त्याने अर्विनला, मॅक्लेअरला कधी दोष दिलेला नाही, अपघात होता म्हणतो. तीस वर्षं लोक त्याला तेच विचारतायत आणि तो सांगतो. मी एका गुडघ्यासाठी ग्रुप सोडला होता.

एका शनिवारी सहकारी मला डॅमसन पार्कला घेऊन गेला. लँड रोव्हरच्या कारखान्याला लागूनच ग्राउंड आहे. मी रोज बसने त्याच्यावरून जायचो आणि मला पत्ता नव्हता! इथे खेळतो सोलिहल मूर्स. हा क्लब २००७ मध्ये दोन क्लब एकत्र होऊन बनला : मूर ग्रीन आणि सोलिहल बरो. बस्ट जिथून वर गेला तो, आणि जिथे मॅनेजर होता तो. मूर ग्रीनचं स्वतःचं ग्राउंड २००५ मध्ये कुणीतरी आग लावून जाळलं, तेव्हापासून ते इथेच खेळायला येत. सामन्याचा स्कोअर मला आता आठवत नाही. आठवतो तो कुंपणापाशी उभा असलेला एक आजोबा, जो लेफ्ट बॅकला नावाने हाक मारून पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत सूचना देत होता. लेफ्ट बॅक मधूनच मान हलवायचा.

मार्च २०२४ मध्ये परत आलो. मे महिन्यात मूर्स एका आठवड्यात दोनदा वेम्बलीवर फायनल खेळले आणि दोन्ही पेनल्टीवर हरले. पुण्यात रात्री फोनवर स्कोअर रिफ्रेश करत मी एकटाच शिव्या घालत होतो. दुसऱ्या हारीनंतर कॅप्टनला मेसेज टाकला, “कोचची जागा भरली का?” त्याने उत्तरादाखल फक्त ग्रुपची लिंक पाठवली.

पहिला शुक्रवार वाईट गेला, लपवत नाही. शिट्टी गळ्यात आणि जीव टर्फवर. दर वेळी चेंडू जवळ आला की उजवा पाय आपोआप उचलला जायचा. दुसऱ्या आठवड्यात एक नवीन पोरगा आला, टेस्टिंग टीममधला, तेवीस वर्षांचा. दमून माझ्या शेजारी बसला. माझ्या गुडघ्यावरचा व्रण बघून विचारलं, “सर, हे काय झालं?”

“सर म्हणू नकोस,” मी म्हटलं. “आणि बूट घट्ट बांध आधी. सांगतो.”