खिडकीतले मासे

आमच्या वर्ध्याचा मे महिना ज्यांनी काढलाय, त्यांना पश्चिमेच्या खिडकीची गोष्ट सांगायला नको. दुपारी तीननंतर ती खोली म्हणजे भट्टी! जाड पडदा हवाच होता. पण अर्धवेळ शिक्षिकेच्या पगारात तयार पडदा काही बसेना.

त्याच सुमारास शाळेतल्या मुलींना विश्वशांती स्तूप दाखवायला नेले. १९३३ मध्ये जपानचे फुजी गुरुजी इथे गांधीजींना भेटले, पुढे १९९३ मध्ये त्यांच्या संघाचा हा स्तूप खुला झाला, एवढे सांगितले. तेवढ्यात एकीने विचारले, "बाई, जपानात मुलांचा सण कोणता?" मी गप्प! घरी येऊन पुस्तक काढले.

५ मेला तिथे उंच काठीवर कापडी कार्प मासे लावतात. आपल्या रोहूचेच भाऊबंद. तोंडाला कडे असते; वारा शिरला की मासा फुगतो आणि पोहू लागतो. प्रवाहाविरुद्ध धबधबा चढणारा हा मासा, तसे आपले लेकरू निघो, ही त्यामागची इच्छा. हल्ली काळा मासा वडिलांचा, लाल आईचा, निळा मुलाचा मानतात.

चित्र पाहताच पडदा सुचला. जुन्या जाड चादरीवर, डोके वर आणि शेपूट खाली, असे तीन मासे आखले. खवल्यांसाठी वाटी ठेवून खडूने अर्धवर्तुळे काढली. शिवताना शेपटीकडून सुरुवात करा हं, म्हणजे वरची ओळ खालच्या ओळीची कच्ची कड झाकते. मी डोक्याकडून सुरू केले आणि दोन ओळी उसवत बसले!

काळ्यासाठी ह्यांची जुनी पँट होती. निळ्यासाठी सासूबाईंचे जुने लुगडे मागितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "हा तं पोट्ट्याइचा सण. तुले कायले पाह्यजे?"

मला दोन मुलीच. हे बोलणे नवे नव्हते, तरी सुई बोटात शिरली. म्हटले, "पूर्वी होता, आई. १९४८ पासून सगळ्याच लेकरांचा झालाय. त्या दिवशी आईचे आभार मानावेत, असेही तिथल्या कायद्यात लिहिलेय."

त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी लुगडे घडी करून मशीनवर ठेवलेले दिसले. पडद्याकडे पाहत म्हणाल्या, "अन् लहानीचा मासा कुठी आहे?"

चौथा मासा लुगड्याच्या काठातून त्यांनीच कापला.

लाल तुकडा मात्र आधी वेगळा धुऊन रंग जातो का ते पाहा. मी विसरले, आणि पहिल्याच धुण्यात लहानीच्या माशाचे पांढरे पोट गुलाबी झाले. तिला तेच आवडते.