पिलावा बघायची सवय

मधपेटी उघडली की नवशिक्याचा हात आधी वरच्या मधकोठीकडे जातो. साहजिकच आहे, जांबोटी-कणकुंबीच्या रानाकडेला पेटी ठेवणारा ती मधासाठीच तर ठेवतो. पण सातेरी या आपल्या देशी मधमाशीची तब्येत कळते ती खालच्या पिलावा कोठीत, म्हणजे अंडी-अळ्यांच्या कोठीत. तिथली फडी उजेडाकडे तिरकी धरून घराघरांत डोकावावे लागते. निरोगी अळी पांढरी, चकचकीत, तळाशी विळ्यासारखी वळलेली. आजारी अळी पाठीवर ताठ, डोके घराच्या तोंडाशी उचललेले. रंग आधी पिवळट, मग तपकिरी. चिमट्याने अलगद उचलली तर कातडीच्या पिशवीत पाणी भरल्यागत लोंबते. हा थाई सॅकब्रूड रोग.

त्याचा विषाणू थायलंडमध्ये १९७६ साली ओळखला गेला. १९९१-९२च्या सुमारास तो दक्षिण भारतात पसरला आणि कर्नाटक, केरळ, तमिळनाडूतल्या सातेरीच्या पेट्या धडाधड रिकाम्या झाल्या. अनेकांनी पेट्या माळ्यावर टाकल्या, काही जण मेलिफेरा या युरोपीय माशीकडे वळले. सातेरी पुढे सावरली ती बऱ्याच अंशी तगलेल्या वसाहतींच्या जोरावर.

"मामा, कोणतं औषध मारायचं तेवढं सांगा." आमच्या प्रशिक्षणात हा प्रश्न ठरलेला. निपाणीकडचा शेतकरी तंबाखूवर, सोयाबीनवर फवारणी करत आलेला; औषधच नाही म्हटले की त्याला माणूस काहीतरी लपवतोय असे वाटते. मग कुणीतरी दुकानातून अँटिबायोटिक आणून साखरेच्या पाकात कालवतो. विषाणूला त्याने काही होत नाही. मधात मात्र ते उतरते.

करायचे ते वेगळेच असते. राणीला दोन-तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवायचे. अंडी थांबली की विषाणूला नव्या अळ्या मिळत नाहीत आणि कामकरी माश्यांना मेलेली पिल्ले ओढून काढून घरे साफ करायला उसंत मिळते. जादा फडी काढून माश्या दाट करायच्या. तरीही पुन्हा तेच दिसले, तर निरोगी वसाहतीच्या वाणाची राणी द्यायची. हमी कशाचीच नाही.

खरी अडचण आमच्याच हातांची आहे. दुबळ्या पेटीला शेजारच्या पेटीतली पिलाव्याची फडी द्यावी, हे आम्ही हौसेने शिकवतो. साथीत तीच दयाबुद्धी घात करते. वसाहतींची खरेदी-विक्रीही तशीच. राज्याच्या हद्दीपलीकडे महाराष्ट्रात, भुदरगडात पाटगाव 'मधाचे गाव' झाले, इकडेही हौस वाढली. पण हद्द ओलांडणाऱ्या पेटीतला पिलावा कोण तपासतो? आणलेली वसाहत महिनाभर तरी लांब ठेवावी, आजारी पेटीला हात लावायचाच तर सगळ्यात शेवटी.

माझे म्हणाल तर मधयंत्र नंतर दिले तरी चालेल, पेटीबरोबर आधी एक भिंग आणि नोंदवही द्यावी. आणि शिकाऊंना हंगामात एकदा बोलावून सोडू नये; भर पावसाळ्यात, फुलोरा नसताना पुन्हा बोलवावे. वसाहती दुबळ्या पडतात त्या तेव्हाच, आणि मध नाही म्हणून बहुतेकांनी तेव्हा झाकणही उघडलेले नसते.